ओढून पाहिलेलं घरटं

माणसाने नदीवर अजून पूल बांधला नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठच्या बाभळीवर एक सुगरण पक्षी साऱ्या रानासाठी घरटी विणायचा. गिऱ्हाईक यायचं, घरटं चोचीत धरून कचकचून ओढायचं आणि एक काडी जरी निसटली तरी नाक मुरडायचं. सुगरण चिडायचा, पण उसवून पुन्हा विणायचा.

पुढे नदीपलीकडून स्वस्त, चकचकीत घरटी येऊ लागली आणि बाभळ ओस पडली. तेव्हा गरुडराजाने दवंडी पिटवली, "आपल्या रानातलंच घरटं घ्या. त्याला नावं ठेवील तो रानद्रोही!"

बाभळीखाली पुन्हा झुंबड उडाली. आता घरटं कुणी ओढून बघेना. मग सुगरणही सैल गाठी मारू लागला.

एकदा वारा सुटला आणि साळुंकीचं घरटं तुटलं. पिल्लू फांदीत अडकलं म्हणून वाचलं. सुगरण खाली मान घालून आला, तर साळुंकीच त्याला समजावू लागली, "असू दे दादा. आपल्या रानाचं आहे ना, चालायचंच."

त्याला तिची आई आठवली. तिने भांडून, ओढून ओढून विणून घेतलेल्या घरट्यातच ही लहानाची मोठी झाली होती.

त्याने नवं घरटं विणलं आणि साळुंकीला हाक मारली. "आधी ओढून बघ. तुझी आई ओढायची तस्सं."

साळुंकी कावरीबावरी झाली. "राजा रागावेल, दादा."

"रागावू दे," सुगरण म्हणाला. "तुम्ही ओढत होतात, तोवरच मला विणता येत होतं गं."