मंत्रिमहोदयांच्या घोट्यापर्यंत पाणी

धर्माजी हसुराम मोकल, वय वर्षे त्रेचाळीस, राहणार मिठखोल. खाडीकाठच्या या गावात भोळी माणसे पुष्कळ होती; तथापि सांगितलेले अक्षरशः करणारा भोळा एवढा एकच होता. एकदा त्याची बायको चांगुणा विहिरीवर जाताना म्हणाली, "अहो, चुलीवरच्या भाताकडे बघा." ती परतली तेव्हा भात करपून कोळसा झाला होता. धर्माजीने त्याच्याकडे शेवटपर्यंत पाहिले होते.

मिठखोल भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये मातीचा एक बांध. बांधाला भगदाड पडले की तेथील लोक त्याला खांड म्हणतात. खांडीतून खारे पाणी शेतात शिरले, तर पुढचे तीन पावसाळे त्या जमिनीत भात होत नाही. म्हणून खांड पडली की सगळे गाव पेंढा आणि चिखलाचे गोळे घेऊन धावते आणि पुढच्या भरतीच्या आत ती बुजवते. हे शहाणपण गावाला कोणत्याही सरकारने दिलेले नाही. चांगुणेचे अठरा गुंठे अगदी बांधाला लागून होते. मोकलांच्या घरात वर्षभर शिजणारा भात त्या अठरा गुंठ्यांतला.

ज्येष्ठात चक्रीवादळ आले. घरांवरचे पत्रे उडाले, पोफळी मोडल्या, बांधाला चार हातांची खांड पडली. गावाने ती त्याच दिवशी बुजवली.

तिसऱ्या दिवशी आमदार भाऊसाहेब पाहणीला आले. चार मोटारी, दोन छायाचित्रकार.

"खांड कुठे आहे?" भाऊसाहेबांनी विचारले.

"बुजवली," लोक म्हणाले.

"कुणी?"

"आम्ही."

"कुणाला विचारून?"

भाऊसाहेबांनी तेथल्या तेथे 'चक्रीवादळ पुनर्वसन व पूरसंरक्षण समिती' स्थापन केली. गावात दोन तट होते आणि दोन्ही तटांची माणसे प्रश्न विचारीत. न विचारणारा माणूस शोधता शोधता भाऊसाहेबांची दृष्टी धर्माजीवर स्थिरावली. तो अध्यक्ष झाला.

"धर्मा, नीट ऐक," भाऊसाहेब म्हणाले. "पाहणी झाल्याशिवाय नुकसानीला हात लावायचा नाही. जसे असेल तसे ठेवायचे."

"होय, भाऊसाहेब," धर्माजी म्हणाला. त्याने ते वाक्य दोनदा घोकले. घोकलेले तो विसरत नसे.

पुढच्या आठवड्यात सत्तर वर्षांचे पोशाकाका घरत जाळे आणायला खाडीत उतरले आणि कमरेपर्यंत चिखलात रुतले. चार जण दोर घेऊन धावले. धर्माजी आडवा उभा राहिला.

"हात लावू नका. पाहणी व्हायची आहे."

"कसली पाहणी रे?" चिखलातून पोशाकाका ओरडले.

"तुमची. तुम्ही नुकसान आहात, काका."

"तुझ्या बापाने मला कधी नुकसान म्हटले नाही, मेल्या!"

"तेव्हा समिती नव्हती, काका."

तलाठी जेवायला गेले होते. जेवून, हात पुसून ते फटफटीवर आले आणि बांधावर बसून त्यांनी लिहिले: एक इसम, वय सत्तर, कमरेपर्यंत. एव्हाना भरती लागली होती.

"आता छातीपर्यंत लिहा, तलाठीभाऊ!" पोशाकाका म्हणाले.

तलाठ्यांनी खाडाखोड केली, खाडाखोडीवर सही केली, आणि मग काकांना ओढून काढण्यात आले.

भाऊसाहेबांच्या कानावर हे गेले. त्यांनी धर्माजीला बोलावून घेतले.

"अरे मूर्खा, अडचणीतल्या माणसाला आधी हात द्यायचा! आणि हात देताना फोटो काढायचा. देणारा, घेणारा, दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचे. फोटो नाही म्हणजे मदत झालीच नाही असे धर. ज्याचा फोटो नाही, त्याचे नाव यादीत नाही."

"होय, भाऊसाहेब," धर्माजी म्हणाला. त्याने तेही दोनदा घोकले.

पौर्णिमेच्या उधाणाने बुजवलेली खांड पुन्हा फुटली. सगळे गाव धावले. शेतापासून बांधापर्यंत माणसांची रांग लागली आणि चिखलाचे गोळे हातोहात जाऊ लागले. अशा वेळी मिठखोलची माणसे श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. त्या दिवशी थांबली, कारण रांगेसमोर धर्माजी मोबाइल घेऊन उभा होता.

"हिराकाकी, गोळा जरा खाली धरा. चेहरा झाकला जातोय. देणाऱ्याने इकडे बघा. घेणाऱ्यानेही."

"अरे, पाणी चढतंय!"

"फोटो नाही तर नाव नाही, काकी."

गावाला छपराचे पत्रे अजून मिळायचे होते, आणि यादी भाऊसाहेबांकडे होती. म्हणून हिराकाकींनी गोळा खाली धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. त्यांच्या पुढच्यानेही पाहिले.

चांगुणा रांगेच्या टोकाला छातीभर पाण्यात उभी होती. "अहो, पाणी आपल्या शेतात शिरतंय!"

"बोलू नकोस, चांगुणे. तोंड उघडे येते."

त्याने एक्केचाळीस फोटो काढले. सर्व सुस्पष्ट आले. एक्केचाळीस गोळ्यांनी खांड बुजली नाही. ती चार हातांची वीस हातांची झाली. आता ती पेंढा-चिखलाने बुजण्यासारखी राहिली नाही. अठरा गुंठे खाऱ्या पाण्याखाली गेले. त्या संध्याकाळी चांगुणेने चूल पेटवली नाही. धर्माजीने तिला फोटो दाखवले. ती त्यात छान आली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले. बांधावर उतरताच त्यांचा उजवा जोडा चिखलात गेला. तो वर आला, परंतु जोडा म्हणून ओळखू येईना.

"अरे गाढवा, शेते बुडताहेत आणि तू फोटो काढतोस? आणि मी येणार हे ठाऊक असताना ही वाट अशी? मोठी माणसे येतात तेव्हा आधी त्यांची सोय बघायची असते. त्यांचा जोडा भिजता कामा नये. एवढे एक केलेस तरी पुष्कळ."

सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की भाऊसाहेबांना बुडालेल्या शेताचा राग एका वाक्यापुरता आला, उरलेला सगळा जोड्याचा होता. धर्माजीच्या ध्यानात हे आले नाही. त्याने दोनदा घोकले: मोठ्या माणसाचा जोडा भिजता कामा नये.

महिन्याभराने राजधानीतून पाहणी पथक आले. त्यांच्या अहवालावर दगडी बांधाची मंजुरी अवलंबून होती. चांगुणेने आदल्या दिवशी नवऱ्याला पुनःपुन्हा बजावले होते, "त्यांना पाणी कसं शिरतं ते दाखवा हां." पथक अकरा वाजता पोचले. भरती ऐन भरात होती. खांडीतून पाणी असे आत येत होते की त्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येई. यापेक्षा चांगली वेळ शोधूनही सापडली नसती.

धर्माजी वेशीवर हात जोडून उभा होता. "साहेब, आता पुढे जाता येणार नाही. जोडे भिजतील."

त्याने पथकाला शाळेच्या व्हरांड्यात बसवले. शहाळी दिली. जिताड्याचे कालवण, तळलेली कोलंबी, तांदळाची भाकरी असे जेवण दिले. जेवणानंतर अधिकारी जरा आडवे झाले. धर्माजीने त्यांना भर ओहोटीला, साडेचार वाजता उठवले आणि जाजम अंथरून खांडीपर्यंत नेले. खाडी पार मागे सरली होती. खांडीत जमीन कोरडी ठणठणीत होती आणि दोन शेळ्या उभ्या होत्या.

"हे काय आहे?" पथकप्रमुखांनी विचारले.

"खांड, साहेब. पाणी आत येते ना, ती."

"कुठे आहे पाणी?"

"तुमच्यासाठी परत पाठवले, साहेब."

पथकप्रमुख हसले. त्यांनी एक जोडा उचलून त्याचा तळ पाहिला. कोरडा होता. त्यांनी लिहिले: गावात येण्याजाण्यास वीस हात रुंद वाट उपलब्ध, तथापि रात्रीच्या वेळी उजेडाची गैरसोय.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. खांडीच्या मधोमध सौरऊर्जेवरचा दिवा बसवण्यात आला.

"बरं झालं," चांगुणा म्हणाली. "शेत बुडताना आता नीट दिसेल."

भरतीच्या वेळी तो दिवा पाण्यात एकटाच उभा असे. कोळी त्याला होड्या बांधीत. एका वर्तमानपत्राने होडी बांधलेल्या दिव्याचे छायाचित्र छापले, विधिमंडळात हशा पिकला, आणि भाऊसाहेबांनी धर्माजीला तालुक्याच्या कचेरीत उभे करून सर्वांदेखत झापले.

"अरे बिनडोका, वरच्या माणसाला पाणी दाखवायचे असते! कागदावर वाचून त्याला काही कळत नाही. पाणी त्याच्या घोट्यापर्यंत आले पाहिजे. घोटे भिजले, की तेव्हा कुठे त्याची सही होते."

भाऊसाहेबांनी आयुष्यात उच्चारलेले हे बहुधा एकमेव खरे वाक्य. ते नेमके धर्माजीसमोर उच्चारले जावे, हे मिठखोलचे दुर्दैव.

"घोट्यापर्यंत," धर्माजीने खात्री करून घेतली.

"घोट्यापर्यंत!"

त्याने दोनदा घोकले.

पुढे निवडणूक जवळ आली, तेव्हा हशाची भरपाई म्हणून दगडी बांध मंजूर झाला. काम भाऊसाहेबांच्या मेहुण्यांनी केले. दोन्ही अंगांनी घडीव दगड आणि पोटात नुसती रेती. बांध दिसायला अतिशय सुंदर होता; दिसण्याचे काम खरोखर मन लावून केलेले होते. त्याला एक उघाडी ठेवली होती. उघाडी म्हणजे बांधातले लाकडी फळ्यांचे दार. पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी ते ओहोटीला उघडायचे आणि भरतीला लावायचे.

उद्घाटनासाठी मंत्रिमहोदयांची तारीख काही मिळेना. तारखेची वाट पाहण्यात तीन पावसाळे गेले. त्या तीन पावसाळ्यांनी शेतांतले मीठ धुऊन काढले. सरकारी दिरंगाईपासून मिठखोलला झालेला हा पहिला व शेवटचा लाभ होय. चौथ्या वर्षी वैशाखात चांगुणेने शेतातली माती चिमूटभर उचलून जिभेवर ठेवली. ती थुंकली नाही. घरी येऊन तिने बियाण्याचे भात उन्हात घातले.

त्याच आठवड्यात तारीख मिळाली. वैशाख अमावास्या, दुपारी साडेबारा.

"भाऊसाहेब, अमावास्येचं उधाण साडेबारा-एकलाच असतं," पोशाकाका म्हणाले. "कार्यक्रम सकाळी ठेवा."

"मंत्रिमहोदयांची वेळ ठरलेली आहे, काका. समुद्राने जमवून घ्यावे."

बांधाच्या आतल्या अंगाला, चांगुणेच्या शेताशेजारच्या पडीक जागेत मांडव पडला. लाल गालिचा, सोफे, ध्वनिक्षेपक. मंत्रिमहोदय वेळेवर आले, ही त्या दिवसातील पहिली अनपेक्षित गोष्ट. बांधाच्या पलीकडे समुद्र दगडांच्या माथ्याला टेकला होता. आत सर्व कोरडे होते.

धर्माजी अस्वस्थ झाला. एवढा मोठा माणूस आलेला, आणि पाणी कुठेच नाही. हे पुन्हा रिकाम्या हाताने जाणार, पुन्हा एखादा दिवा मंजूर करणार, आणि चांगुणा पुन्हा चूल पेटवणार नाही. नाही. या खेपेस चूक होऊ द्यायची नाही. तो मांडवाच्या मागून निघून उघाडीपाशी गेला. दाराला पाच फळ्या होत्या.

"बंधुभगिनींनो," मंत्रिमहोदय बोलू लागले, "आमच्या शासनाने उभारलेल्या या भिंतीतून समुद्राचा एक थेंबसुद्धा—"

धर्माजीने पहिली फळी ओढली. गवत भिजले.

"—एक थेंबसुद्धा आत येणार नाही. गेली अनेक वर्षे—"

दुसरी फळी ओढली. गालिचा काळपट झाला. धर्माजीने मान लांब करून पाहिले. जोड्याचा तळ फक्त. घोटा नव्हे.

तिसरी फळी ओढली.

मंत्रिमहोदय थांबले. त्यांनी खाली पाहिले. पाणी बरोबर घोट्यापर्यंत होते, ना बोटभर कमी ना बोटभर जास्त. धर्माजीने इतके अचूक काम जन्मात केले नव्हते. त्याला चांगुणेचा चेहरा पाहावासा वाटला.

चांगुणा शेतातून धावत येत होती. तिच्या मागे पाणी तिच्या अठरा गुंठ्यांत पसरत होते. "अहो, फळ्या घाला! फळ्या घाला!"

"थांब गो," धर्माजी म्हणाला. "साहेबांनी अजून सही केलेली नाही."

तेवढ्यात उघाडीची चौकट कडाडली. दोन्ही बाजूंचे घडीव दगड सुटले आणि बांधाच्या पोटातली रेती खळाळत बाहेर पडली. सोफे तरंगू लागले. ध्वनिक्षेपक दोनदा खरखरला आणि बंद पडला. शासकीय यंत्रणा प्रथमच वेगाने हलताना गावाने पाहिली. ती मोटारींकडे धावत होती. भाऊसाहेब मंत्रिमहोदयांना पाठुंगळीला घेऊन गुडघाभर पाण्यातून चालले होते.

ते पाहून धर्माजी घाबरला. काम अर्धवट राहिले, पाहुणे निघाले. तो उरलेल्या बांधावर चढला, तोंडाभोवती हातांचा कर्णा केला आणि जीव तोडून ओरडला,

"साहेब, दिसले का? की अजून दोन फळ्या काढू?"

त्यानंतर पुढीलप्रमाणे बदल झाले. धर्माजीचे नाव समितीवरून कमी करण्यात आले. चांगुणेच्या अठरा गुंठ्यांत पुढचे तीन पावसाळे भात झाला नाही. बांधाची चौकशी चालू आहे. मंत्रिमहोदयांच्या दौऱ्याच्या पत्रकावर आता भरती-ओहोटीच्या वेळा छापतात, आणि किनाऱ्यावरच्या गावांची पाहणी फक्त ओहोटीला होते.