आवडूवयनीचा उपास

फार वर्षांपूर्वी खाडीकाठी वेळशी नावाचं गाव होतं. गावात माणसं थोडी आणि माड फार. माडांवर मडकी बांधलेली, मडक्यांत थेंब थेंब माडी जमायची. ती माणसाच्या पोटात गेली की माणूस झिंगायचा. तीच तांदळाच्या पिठात घातली की पीठ फुगायचं आणि वाफवलेली सांदणं कापसासारखी हलकी व्हायची. त्या गावात आवडूवयनी राहायची. तिच्या सांदणांशिवाय देवीचा नैवेद्य होत नसे, असं म्हणतात.

तिचा नवरा माडावरच प्यायला आणि माडावरूनच पडून मेला. घरात उरला दीर, तातू. तोही माड चढणारा, तोही वरच मडकं तोंडाला लावणारा. वयनीने देवीपुढे हात जोडून नेम धरला आणि दिराला सांगितलं, "भावजी, मडक्याक तोंड न लावता खाली हाडा. त्या माडयेन पीठ फुगला, तरच मी जेवतलंय."

तातू हसला. "वयनी, तुजा पीठ म्हणजे काय माजो फौजदार?"

दुसऱ्या सकाळी त्याने अर्ध्याहून जास्त मडकं वरच संपवलं, खाली उतरून विहिरीच्या पाण्याने भरलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने पीठ भिजवलं. दुपार झाली तरी पीठ हललं नाही. सांदणं दगडासारखी बसली. वयनीने दिराला भात वाढला, आपण पाणी प्याली. पुढचे दिवसही तसेच गेले.

शेजारीण म्हणाली, "अगो, तुज्या उपासान त्येची दारू सुटतली? मरशीत फुकट."

"देवी आसा," वयनी म्हणाली. "पीठ उद्या फुगात."

सातव्या सकाळी वारा सुटला होता. तातूने शेंड्यावर मडकं ओठांपाशी नेलं आणि खाली पाहिलं. अंगणात वयनी पिठाचं भांडं घेऊन बसली होती. ताठ बसायचं बळ नव्हतं, म्हणून भिंतीला टेकली होती. त्याने भरलं मडकं तसंच कमरेला बांधलं. पण रोजच्या घोटाशिवाय उतरताना त्याचे हातपाय माडावरून सुटू लागले. तेव्हा तो माड वाकला, असं म्हणतात. वाकून त्याने तातूला अंगणात अलगद ठेवलं आणि पुन्हा उभा राहिला.

त्या दिवशी पीठ इतकं फुगलं की सगळं गाव जेवलं तरी भांडं रितं होईना. सगळ्यांत शेवटी वयनी जेवली. तातू पुढे खूप म्हातारा होऊन आपल्या अंथरुणावर गेला.

अजूनही वेळशीत मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी घरोघरी पुरुष भरलं मडकं आणून देतात आणि पीठ फुगल्यावरच बायका उपास सोडतात. एखाद्या घरचं पीठ बसलं, तर कुणी काही विचारत नाही. शेजारणी आपापली वाढलेली पानं झाकून त्या घरी जातात आणि तिथल्या बाईजवळ उपाशी बसून राहतात. घरचा पुरुष उठून दुसरं मडकं आणीपर्यंत.