नवी नावं मोजणारे परीक्षक

तालुक्याच्या कॉलेजात त्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. सुलक्षणा घोंगडेच्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती आणि परीक्षक होते परदेशात अनेक वर्षं शिकवून आलेले डॉ. दिवेकर. त्यांनी नकार दिला की तिची सगळी मेहनत पाण्यात!

"घोंगडेबाई, तुमच्या पेठेत उद्योजकता आहे असं लिहिता," दिवेकर हसत म्हणाले, "पण तीस वर्षांत तिथे एकही नवं नाव नोंदलेलं नाही! आमच्या तिकडे धंदा बदलला की नवी कंपनी, नवं नाव. नवी नावं मोजायची, झालं संशोधन! हीच पद्धत जगभर चालते."

इतक्यात सुलक्षणाला टेबलावर सरांचा फोन दिसला. त्याला कोरा करकरीत चार्जर लावलेला होता.

"सर, चार्जर नवा घेतलात?"

"हो, जुना घरी विसरलो. सकाळी स्टँडसमोर घेतला."

"दुकानाचं नाव काय होतं हो?"

दिवेकर आठवू लागले. "दत्तकृपा... पिठाची गिरणी."

हॉलमध्ये खसखस पिकली.

"आजोबांची गिरणी होती, वडिलांनी तिथे रेडिओ विकले, आता नातू मोबाईल विकतो. आमच्याकडे धंदा बदलतो, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसलेली पाटी कुणी उतरवत नाही. तुमच्या पद्धतीने मोजलं तर सर, सकाळी तुम्ही पीठच घेतलंत!"

सगळ्यांत मोठ्याने दिवेकरच हसले. चार्जर उचलून म्हणाले, "मग डॉक्टर घोंगडे, दळण जरा बारीक आहे ना, ते तरी बघून सांगा!"