अनशीची गुणगुण

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंना म्हणाला, "गुणगुणणे या शब्दाचं मूळ मला सापडलं. संस्कृतातलं गुंजन. अर्थ, हलक्या आवाजात गाणे." शिष्याचा गळा गोड होता आणि पाठांतर दांडगं.

"मग झालं तर," गुरू म्हणाले. "चरवी घे. दूध आणायला जाऊ."

गोठ्यात म्हातारा गवळी म्हशीपाशी बसला होता.

"रिकामीच न्या चरवी, महाराज. अनशी गेली आन् चंद्रीनं पान्हा चोरला. रेडकू लावलं, पेंड चारली. रोज बसतो मुकाट्यानं, पर धार न्हाई. अशानं आटंल ती. उद्या बाजार दाखवतो."

बोलताना त्याचा हात मात्र चंद्रीच्या पाठीवरून फिरत होता. अनशी म्हणजे त्याची बायको. चंद्रीला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. तिची तेवढीच खूण घरात उरली होती.

गुरूंनी विचारलं, "धार काढताना ती काही म्हणायची?"

"गुणगुणायची की कायबाय."

गुरू शिष्याकडे वळले. "ऐकलंस? म्हण आता."

शिष्यानं मांडी घालून सूर लावला. गोठा भरून गेला. चंद्रीनं अशी लाथ झाडली, की चरवी घरंगळत उकिरड्याशी गेली.

बऱ्याच दिवसांनी म्हातारा हसला. "गानं झ्याक हाय, बाळा. पर तिला कुठं मैफलीला जायचंय!"

शिष्य खाली मान घालून चरवी धुऊन घेऊन आला.

"आता तुम्ही म्हणा," गुरू म्हाताऱ्याला म्हणाले.

"मी? जन्मभर ती म्हणत हुती, मी कधी कान दिला न्हाई."

"बरं, मग बसा तरी तिच्यासारखे."

म्हातारा उकिडवा बसला. अनशी टेकायची तसं त्यानं चंद्रीच्या कुशीला कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. बोटं कासेवरून फिरू लागली. हळूहळू घशातून काहीतरी उमटलं. त्याला शब्द नव्हते. मध्येच ते तुटलं, पुन्हा लागलं. चंद्रीचं रवंथ थांबलं, कान वळले. आणि चरवीत पहिली धार वाजली.

म्हाताऱ्याच्या दाढीतून पाणी ओघळत होतं. "हे तर तिचंच," एवढंच तो पुटपुटला, आणि पुन्हा गुणगुणू लागला.

परतताना गुरू म्हणाले, "भुंगा फुलाशी जो आवाज करतो, तोच लोकांनी उचलला आणि त्याचा शब्द झाला. गाणं ऐकवायचं असतं, बाळ. गुणगुण कुणाला ऐकवायची नसते. जवळच्या माणसात ती आपसूक मुरते, आणि माणूस गेलं तरी राहते."

ओढा ओलांडताना शिष्याच्या लक्षात आलं, की आपल्या ओठांत मघापासून काहीतरी घोळतं आहे. आई पाट्यावर चटणी वाटताना असंच काहीसं म्हणायची.

गुरूंनी चाल मंद केली. काय म्हणतोस, असं मात्र त्यांनी विचारलं नाही.