सुभगेची चौथाई

पूर्वी शाल्मलीनगरात राजा वज्रसेनाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका कुणब्याच्या घरी थोरले होऊन जन्मले. चार भाऊ. त्यांतला दुसरा तापाने गेला आणि त्याची बायको सुभगा मागे उरली. मूल नाही, माहेर नाही. दिवसभरात तिला नावाने हाक मारणारे कोणी नव्हते.

वडील वारल्यावर शेताच्या वाटण्या झाल्या. बोधिसत्त्व तेव्हा बैल घेऊन परगावी गेले होते. धाकट्या गोपकाने तीन बांध घातले, चार तुकडे केले. सुभगेला नदीकडची पट्टी आली, लुगड्याच्या काठाएवढी.

"भावोजी, ही चौथाई?"

"मग काय, वहिनी! तुकडे मोजा ना. चारातला एक म्हणजे चौथाईच."

"एकट्या बाईला लागतं किती!" गोपकाची बायको म्हणाली.

"एकटीचं पोट काय चिमणीचं असतं?"

सुभगेचे ऐकायला कोणी थांबले नाही. त्या पट्टीत चार महिन्यांचे धान्य झाले असते, पुढे भीकच. सुभगेने गाठोडे बांधायला काढले.

बोधिसत्त्व परतले. सगळ्यांत रुंद तुकडा त्यांचाच होता. गप्प बसले असते, तर कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांनी दोरी घेतली, सुभगेच्या पट्टीची रुंदी मापली. आठ हात. तीच दोरी एकापुढे एक चार वेळा टाकली. शेत ऐंशी हात रुंद. दोरी अर्ध्यावरसुद्धा पोचली नाही.

"गोपका, चौथाई चार वेळा घेतली की अख्खं शेत भरायला हवं. कुठं भरलं? चार तुकडे कुऱ्हाडही करते. चार सारखे केलेस, तरच ती चौथाई."

"दादा, जास्त तुमचंच जाईल."

"जाऊ दे."

पहिला बांध त्यांनी स्वतःचाच फोडला. प्रत्येकाला वीस हात आले. धाकट्या दोघांचे दोन-दोन हात गेले, तेवढ्यावरून त्यांनी दादाशी आणि सुभगेशी बोलणे टाकले.

दादांनी बैल दिले. सुभगेने एकटीने पेरले, एकटीने राखले, एकटीने कापले. बांधापलीकडे जाऊ हसायची, पण इकडे बघायची नाही. वाटा पुरा मिळाला म्हणून सोबत मिळत नाही. मात्र त्या जागेवरून तिला ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षा वाटताना नुसती पात्रे मोजणारा हा भिक्षू, तो तेव्हाचा गोपक. दाराशी एकटी बसलेली ही भिक्षुणी, ती सुभगा. थोरला भाऊ मी होतो."

या गुणाला समभाव म्हणतात.