पाठीआडचा गिरणीवाला

एका पठारावरच्या गावात एक गिरणीवाला राहत होता. नाव मुरलीधर. वय सत्तेचाळीस. पोट भरल्या पोत्यासारखं, आणि बोलणं गिरणीच्या पट्ट्यासारखं. एकदा सुरू झालं की बटण बंद केल्याशिवाय थांबायचं नाही.

एके दिवशी दळणाचा डबा उचलताना त्याला अशी धाप लागली की डबा एकीकडे आणि हा एकीकडे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "पोहा, सायकल चालवा, हळूहळू पळायला लागा. नाहीतर पुढच्या खेपेला तुम्ही येणार नाही, तुम्हाला आणावं लागेल."

भ्यालेला माणूस शहाणा होतो. मुरलीधर सकाळी तलावात पोहू लागला, सायकल काढू लागला, पळू लागला. पोट उतरलं, धाप गेली. भीतीही गेली. आणि भीतीची जागा रिकामी झाली, तिथं गर्व येऊन बसला.

त्यातच कळलं, तलावाच्या काठी मोठी शर्यत भरणार आहे. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकल, आणि सायकल टाकली की पळायचं. मधे बसायचं नाही. शहरातले लोक तिला ट्रायथलॉन म्हणतात. गावानं तिला तिहेरी शर्यत म्हटलं. मुरलीधरनं गिरणीत जाहीर केलं, "पंचेचाळिशीच्या वरच्या गड्यांत पहिला नंबर माझा."

सायकलीला त्याच्या सोबत एकजण असायचा. सोपान, गावचा लाइनमन. विजेच्या खांबांवर चढून जन्म गेलेला, अंगानं काटक, बोलायला कंजूष. गावापासून भैरोबाच्या देवळापर्यंत पठारावरून सरळ रस्ता होता. तिथला वारा असा, की शेळीसुद्धा तोंड फिरवून उभी राहते. जाताना वारा समोरून, येताना पाठीवर. जाताना सोपान पुढं, मुरलीधर मागं, तोही इतका चिकटून की याचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला शिवेल. देवळाला वळसा घातला की येताना मुरलीधर सुसाट सुटायचा आणि सोपानला मागं टाकून गावात शिरायचा.

मग गिरणीत दळणाइतकाच हाही विषय निघायचा. "सोपान दमाचा कच्चा! देवळापाशीच जीभ बाहेर येते गड्याची. आणि मी बघा, घामसुद्धा नाही." बायका पदराआड हसायच्या. समोर सोपान असला तर तोही हसायचा.

डॉक्टरकडं गेल्याला अशी दोन वर्षं होत आली, शर्यत तोंडावर आली. गावच्या तालमीला कुणीतरी शर्यतीची एक हलकी सायकल दिली. दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. आता ती द्यायची कुणाला? हैबती वस्तादांनी दोघांना बोलावलं. सोपान बोलायच्या आत मुरलीधर म्हणाला, "वस्ताद, लंगड्याला घोडा देऊन काय उपयोग?" लोक खो खो हसले. सोपानचे कान लाल झाले. तो एवढंच म्हणाला, "शेठनाच द्या." आणि शर्यतीला आपली जुनी जड सायकल घेऊन आला.

शर्यतीच्या आधी पंचांनी नियम सांगितले. एक नियम असा, की सायकलीवर पुढच्याच्या मागं बारा पावलं सोडून राहायचं. मुरलीधर तेव्हा फोटो काढून घेत होता. नियम कानावर पडला, पण त्याला वाटलं, टक्कर होऊ नये म्हणून असेल.

शिट्टी झाली. पोहण्यात मुरलीधर तरबेज. चौथ्या नंबरानं बाहेर आला. हलक्या सायकलीवर बसला आणि पठारावर आला, एकटा.

आणि काय झालं कुणास ठाऊक, सायकल पुढं जाईना! पायडल मारतोय तर जणू चिखलात रुतलीय. छातीवर कुणी दोन्ही हात ठेवून मागं ढकलतंय. याच्या मनात आलं, ब्रेक चिकटला. भर शर्यतीत तो खाली उतरला, चाक उचलून फिरवलं. चाक गरगर फिरलं. मागचं फिरवलं. तेही फिरलं. तो बघतच राहिला. रोजचाच रस्ता, रोजचाच वारा, रोजच्याहून हलकी सायकल. मग झालं काय?

एक गेला, दोन गेले, पाच गेले. तेवढ्यात मागून खडखड आली. सोपान. जड सायकलीवर खाली वाकून, वाऱ्यात डोकं घालून येत होता.

"शेठ, बरं आहे ना?"

"चाक घासतंय रे!" मुरलीधर म्हणाला, आणि सवयीनं त्याच्या मागच्या चाकाला चिकटला.

चिकटला मात्र, छातीवरचे ते हात गेले! सायकल लोण्यातून सुरी जावी तशी चालायला लागली. "सुधारलं बघ चाक!" तो आनंदानं ओरडला.

तोच शिट्टी वाजली. मोटरसायकलवर मागं बसलेल्या पंचबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "काका, पाच मिनिटं इथं उभं राहायचं. पुढच्याच्या आडोशाला होतात तुम्ही."

"आडोसा कसला? मी तर फक्त मागं होतो."

"तोच आडोसा. पुढचा वारा फोडतो, मागच्याला तयार वाट मिळते. मागच्याचा तिसरा हिस्सा दम वाचतो, काका. फुकटात."

मुरलीधरनं समोर बघितलं. पुढं पठारावर सोपान लहान लहान होत चालला होता. दोन वर्षं! दोन वर्षं रोज सकाळी तो एकटा वारा फोडत गेला आणि मी मागं बसून आलो. त्याचा दम देवळापाशी संपायचा, माझा शिल्लक राहायचा. त्या शिलकीवर मी त्याला रोज हरवलं, वर गावभर हसलो. पाच मिनिटं कधी संपली ते त्याला कळलं नाही. पंचबाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा तो हलला.

कसाबसा त्यानं देवळाला वळसा घातला, कसाबसा पळाला. गटात त्याचा नंबर तेरावा आला. सोपान तिसरा.

काठावर गाव जमलं होतं. मुरलीधरची बायको मंदा होती, वस्ताद होते. वस्तादांनी पाठीवर थाप मारली. "शेठ, मनाला लावून घेऊ नका. चाकात बिघाड झाला म्हणे. सोपानचं आज नशीब जोरावर होतं, एवढंच. पुढच्या महिन्यात समुद्राकाठी मोठी शर्यत आहे. तालमीतून एकच नाव जायचंय, ते तुमचंच." लोकांनी माना डोलावल्या. सोपान खाली बसून बुटाची नाडी सोडत होता. त्यानं मान वर केली नाही.

सबब आयती हातात आली होती. नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं.

मुरलीधर सोपानकडं वळला. "तुला ठाऊक होतं?"

"खांबावर चढणाऱ्याला वारा शिकवावा लागतो का, शेठ?"

"मग बोलला का नाहीस? तोंडावर हसलो मी तुझ्या!"

सोपाननं मंदाकडं बघितलं. मंदा पुढं आली. "मी सांगितलं होतं भावजींना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, वर्षभर छातीवर जोर पडू देऊ नका. तुम्ही ऐकणार होतात का? म्हणून म्हटलं, भावजी, तेवढे पुढं राहा."

"अगं, पण दोन वर्षं झाली!"

"वर्ष झालं तेव्हा मी म्हटलं भावजींना, आता पुरे. तर म्हणाले, शेठ आनंदात आहेत वहिनी, असू द्या."

मुरलीधर वस्तादांकडं फिरला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चाक मी उतरून बघितलं, वस्ताद. झकास फिरत होतं. माझा जीव ज्यानं राखला, त्यालाच मी लंगडा म्हणालो. नाव सोपानचं लिहा. सायकलही त्याचीच."

वस्ताद आ वासून बघत राहिले. असलं काही मुरलीशेठच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. गर्दीतून कुणीतरी काळजीनं विचारलं, "शेठ, ऊन लागलं का हो?"

"ऊन नाही," मुरलीधर म्हणाला, "वारा लागला. सत्तेचाळीस अधिक दोन वर्षांत आज पहिल्यांदा."

तात्पर्य: ज्याच्या पाठीमागं आपल्याला वारा लागत नाही, त्याला दमाचा कच्चा म्हणू नये, आपल्या वाटणीचा वाराही तोच सोसत असतो.