कल्हईच्या पानावरचा दुवा

एकदा एका भांडेवाल्याचे दुकान भर बाजारपेठेत उभे असूनही जगाच्या नजरेतून नाहीसे झाले. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे त्याचे घराणे. दुकानामागच्या अंगणात कारागीर ठोके घालीत. पण खप गावात नव्हता, दूरदूरच्या शहरांत होता, आणि तो संकेतस्थळाच्या जोरावर. कुणी शोधयंत्रात ‘पितळी पातेले’ असे लिहिले की याचे दुकान पहिल्या पानावर दिसे.

पहिल्या पानावर होते, तर याला पहिला क्रमांक हवासा झाला. एक दलाल भेटला. म्हणाला, “शेठ, जितक्या ठिकाणांहून तुमच्याकडे बोट दाखवलं जाईल, तितके तुम्ही वर. बोटं मी पुरवतो.”

त्याने पुरवली. केस वाढवणाऱ्या तेलाची पाने, सोडतीची पाने, परदेशातली ओस पडलेली पाने. सगळीकडून या दुकानाकडे दुवे जोडले गेले, ज्यांना आपण लिंक म्हणतो. प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य: ‘सर्वोत्तम पितळी भांडी येथे’. टकलावरच्या तेलाला पितळेची पारख कुठून आली, असे शेठना एकदाही वाटले नाही. काही काळ ते खरोखर पहिले होते. मग शोधयंत्राने लबाडी ओळखली, विकतच्या दुव्यांबद्दल रीतसर सूचना पाठवली आणि दुकान इतके खाली लोटले की शोधणाऱ्याची नजर तिथवर पोचू नये. मागणी आटली. अंगणातले ठोके थांबले. दिवाळीपर्यंत काम आले नाही तर कारागिरांना निरोप देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच गावात एक वृद्धा राहत असे. शाळा तिने फारशी पाहिली नव्हती. संगणक मात्र स्वतःच्या हिमतीवर शिकली होती, आणि हे ऐकवायला ती कुणाची भीड ठेवीत नसे. जुन्या स्वयंपाकघराविषयी तिचे संकेतस्थळ होते. कुठकुठले लोक तिचा हवाला देत, त्यामुळे शोधयंत्रही तिच्या शब्दाला मान देई. एक तरुण मुलगी शिष्या म्हणून तिच्यापाशी हे काम शिकत होती. शेठ एके सकाळी वृद्धेच्या ओसरीवर येऊन बसले.

“आजी, तुमच्या पानावरून मला एक लिंक द्या. तुमची एक त्या सगळ्यांना भारी आहे. देणगी म्हणून काय म्हणाल ते...”

“देणगी देवळात टाक,” वृद्धा म्हणाली. “आधी केलेली घाण निपटून काढ. जिथे जिथे पैसे देऊन नाव लावलंस, त्या प्रत्येकाला लिही, काढा म्हणून. जे ऐकणार नाहीत, त्यांची नावं शोधयंत्राला कळव की हे दुवे माझ्या खाती धरू नका. आणि स्पष्ट लिही, मीच विकत घेतले होते. दलालाने फसवलं हो, असली रडगाणी नकोत.”

शिष्या शेठसोबत बसली आणि एकेक दुवा निखळू लागला. त्यातले काही अजून थोडीफार गिऱ्हाइके आणत होते; तिथे शेठचा हात अडला. “एवढे राहू देत ना, पोरी.”

आतून वृद्धेचा आवाज आला, “तेही काढ!”

ते काम उरकले, शोधयंत्राकडे क्षमेचा अर्ज गेला, तसे शेठ हक्काने वृद्धेसमोर येऊन बसले. तिने कल्हईविषयीचे आपले पान उघडले. शेठ सरसावले. तिने शांतपणे एक दुवा जोडला आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. तो दुवा होता पलीकडच्या गल्लीतल्या भांडेवाल्याचा, शेठच्या प्रतिस्पर्ध्याचा.

शेठ ताडकन उठले. “माझ्याच तोंडावर? आजी, गिऱ्हाईक नसेल द्यायचं तर नका देऊ, पण ही थट्टा कशाला?”

शिष्येलाही राहवले नाही. “आजी, यांनी तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. कारागिरांच्या चुली बंद पडायची वेळ आलीय आणि तुम्ही त्या दुसऱ्यालाच वर चढवता?”

वृद्धा म्हणाली, “काल एका सुनेने मला विचारलं, पितळेच्या पातेल्यात आमटी कळकून कडवट का झाली? त्या गल्लीतल्या माणसाने कल्हई उडालेलं पातेलं कसं ओळखायचं ते फोटो काढून दाखवलंय. याच्या पानावर काय आहे? जिथे बघावं तिथे ‘आत्ताच खरेदी करा’! मी त्या सुनेला कुठे पाठवू? पोरी, दुवा म्हणजे साक्ष. मी आजवर कुणाला खोट्या जागी पाठवलं नाही, म्हणून माझ्या साक्षीला वजन आहे. आज याच्यासाठी खोटी दिली, तर उद्या ती याच्याही उपयोगाची राहणार नाही.”

शेठच्या पायात एव्हाना एक चप्पल चढली होती. ते तिथेच उसळले. “तो मला कल्हई शिकवणार? अहो, नवसागर किती टाकायचा, कथील कधी फिरवायचं, कापूस कसा धरायचा, हे त्याच्या बापाने आमच्या भट्टीवर बसून पाहिलंय! दुकानात रोज बायकांना मी सांगतो, हे नवीन घेऊ नका, तुमच्या जुन्यालाच कल्हई करून देतो.”

“मग हे जगाला का नाही सांगत?” वृद्धा कडाडली. “एवढी विद्या गल्ल्याखाली दडवलीस, आणि तेलवाल्याकडून स्तुती विकत आणलीस? लाज कशाची वाटायला हवी, तेही कळेना तुला?”

शेठनी चप्पल काढली.

नंतर अंगणातली भट्टी पेटली, ती विक्रीसाठी नव्हे, दाखवण्यासाठी. शेठ बोलत गेले, शिष्या टिपत गेली, कारागीर हात चालवीत राहिले. कुठल्या भांड्याला कल्हई लागते, पाणी पिण्याच्या तांब्याला का लागत नाही, आणि कोणते भांडे दुरुस्त होते, नवे घेऊ नये, हेही त्यांनी लिहिले. ते वाक्य लिहिताना व्यापाऱ्याचा जीव खालीवर झाला, पण लिहिले. कुणाला एक पैसा न देता लोक त्या पानाचा हवाला देऊ लागले. पुढे शोधयंत्राने शिक्षा मागे घेतली. दुकान पहिले आले नाही, पण दिसू लागले. काम हळूहळू आले आणि दिवाळीला एकाही कारागिराला निरोप द्यावा लागला नाही.

त्यानंतर एकदा शेठ वृद्धेकडे आले, ते आपले पान दाखवायला. तिने चार ओळी पाहिल्या आणि दुवा जोडायला हात पुढे केला.

“थांबा आजी,” शेठ म्हणाले. त्यांची मान ताठ होती. “शेवटपर्यंत वाचा. एक जरी गोष्ट पटली नाही, तर देऊ नका. मला तशी साक्ष नको.”

वृद्धेने हात मागे घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली. शिष्येने शेठकडे पाहिले. याचना करायला आलेला तो माणूस आता या घरात कुठेच नव्हता, हे तिच्या ध्यानात आले.

ज्याला आपल्या कामाचा अभिमान आहे, त्याने साक्षीदार विकत घेऊ नयेत. साक्ष द्यावीशी वाटेल असे काम उघड्यावर मांडावे.